तोंड-शेपूट नव्हे, नाकाचा शेंडा पाहा!

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. खर्ड्याकडच्या एका वाडीवरून सत्तरीच्या एक आजी आल्या. बरोबर मुलगा आणि सून. आजींनी पदर डोक्यावरून घेतला होता, पण उजव्या हाताने तो कपाळापासून चार बोटे दूर धरून ठेवला होता. उन्हात कोणी छत्री धरावी तसा. कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागावर गेरूचा जाड लेप, उजवा डोळा सुजून बंद, आणि त्यातून पाणी वाहत होते.

"किती दिवस झाले आजी?"

"आज नववा दिस. आधी डोसकं ठणाकलं, मग हे उठलं. नागीण हाय म्हणाले. उतरवून घेतली. पर डोळ्यातली कळ काय थांबंना."

मी लेप ओल्या कापसाने हळूहळू काढत होतो. एवढ्यात मुलाने दबक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, तोंड आन् शेपूट जुळणार न्हाई ना?"

गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. तोंड-शेपूट काही जुळणार नव्हते. ते कधीच जुळत नसते. पण आजींच्या नाकाच्या शेंड्यावर, उजव्या बाजूला, वाळलेल्या खपल्यांचा एक लहानसा पुंजका होता. तो कोणी पाहिलाच नव्हता. आणि काळजी करायची होती ती त्याचीच.

आज त्या पुंजक्याविषयी लिहायचे आहे.

हा साप कुठून येतो?

नागीण हा बाहेरून येणारा रोग नाही. तो आपल्याच शरीरात वर्षानुवर्षे दडून बसलेला असतो. लहानपणी बहुतेकांना कांजिण्या येऊन जातात. अंगावर पाण्याचे फोड येतात, ताप येतो, आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात आणि मूल खेळायला लागते. आपण म्हणतो, कांजिण्या गेल्या. पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये जाऊन निजतो. तिथे तो वीस, चाळीस, साठ वर्षे स्वस्थ पडून राहतो. पुढे वय वाढते, मधुमेह जडतो, एखादे मोठे आजारपण येते, स्टेरॉईडच्या किंवा कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खालावते, आणि पहारा ढिला पडला की हा विषाणू जागा होतो. ज्या मज्जातंतूच्या मुळाशी तो निजलेला होता, त्याच तंतूच्या वाटेने तो त्वचेपर्यंत येतो. वाटेत तंतूला सूज येते. म्हणून आधी ठणका, आग, मुंग्या आणि मग दोन-चार दिवसांनी पाण्याच्या फोडांचा पट्टा, असा या रोगाचा क्रम असतो.

हा शोध पक्का करण्यात माझ्यासारख्याच एका गावच्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे, हे सांगताना मला आनंद होतो. इंग्लंडमधील सायरेनसेस्टर या लहान गावी डॉ. एडगर होप-सिम्पसन हे जनरल प्रॅक्टिस करीत. १९४७ ते १९६२ अशी सोळा वर्षे त्यांनी आपल्या दवाखान्याशी जोडलेल्या साधारण साडेतीन हजार लोकांतील नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. असे १९२ रुग्ण त्यांना मिळाले. त्यावरून १९६५ साली त्यांनी मांडले की, नागीण म्हणजे नवी लागण नव्हे, जुन्याच कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठतो. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. वही होती आणि चिकाटी होती. त्यांच्या हिशेबाने दर हजार माणसांमागे वर्षाला तीन ते चार जणांना नागीण होते. आपल्याकडचा आकडा नेमका तोच असेल असे नाही. पण अंदाजासाठी तेच प्रमाण धरले, तर एक लाख वस्तीत वर्षाला सव्वातीनशे-साडेतीनशे रुग्ण होतात. म्हणजे हा क्वचित दिसणारा रोग नव्हे. तुमच्या गल्लीत तो होऊन गेलेला आहे.

तोंड-शेपूट का जुळत नाही?

नागिणीचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला, उजवीकडे किंवा डावीकडे उठतो आणि मध्यरेषेवर येऊन थांबतो. पाठीच्या मणक्यापासून निघतो, बरगडीच्या कडेने पुढे येतो आणि छातीच्या मध्याशी संपतो. आपल्या पूर्वजांनी हे अचूक पाहिले होते. वळसा घालणारा, मध्येच थांबलेला, जाळ लावणारा पट्टा. त्याला नागिणीची उपमा सुचली यात नवल काय? निरीक्षण त्यांचे बरोबर होते, कारण मात्र त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. पट्टा मध्यावर थांबतो, कारण उजव्या बाजूचे मज्जातंतू उजव्या बाजूचे आणि डाव्या बाजूचे डावीकडचे. एका तंतूची हद्द संपली की फोडांचीही हद्द संपते. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांच्या अभ्यासातूनच शरीरावरील मज्जातंतूंच्या या हद्दींचा नकाशा काढला. एका अर्थाने शेताच्या बांधासारखेच हे आहे. आग एकाच्या वावरात लागते आणि बांधावर विझते.

क्वचित ज्यांची प्रतिकारशक्ती फारच ढासळली आहे, त्यांच्या अंगभर फोड येऊ शकतात. ते गंभीर असते हे खरे, पण तोंड-शेपूट जुळले म्हणून नव्हे, तर मुळातली शक्तीच गेलेली असते म्हणून. अशा माणसाला रुग्णालयात दाखल करावे लागते.

आता गंमत अशी की, पोटावरची, पाठीवरची नागीण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप सुकते. उतरवणाऱ्याकडे गेलेला माणूस बरा होतो आणि यश उतरवणाऱ्याला मिळते. घराघरांतला विश्वास यावरच उभा आहे. माझी तक्रार त्या विश्वासाशी नाही. माझी तक्रार एवढीच की, पाठीवरच्या नागिणीचा हिशेब आपण डोळ्याच्या नागिणीला लावतो. तिथे तो चुकतो, आणि माणसाचा डोळा जातो.

नाकाचा शेंडा काय सांगतो?

चेहऱ्याला संवेदना पुरवणारा मेंदूचा पाचवा मज्जातंतू तीन फांद्यांत विभागलेला असतो. वरची फांदी कपाळ, टाळूचा पुढचा भाग, वरची पापणी आणि प्रत्यक्ष डोळा यांना जाते. नागिणीच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस जणांना ती या फांदीवर उठते. योग्य औषध न घेतल्यास त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांच्या डोळ्यालाच बाधा होते.

या फांदीची एक बारीक डहाळी आहे. ती डोळ्याच्या आत जाते आणि तिचेच टोक नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरते. म्हणून नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला फोड आला की समजावे, विषाणू त्याच वाटेने डोळ्याकडेही गेला असण्याचा मोठा धोका आहे. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात ही खूण सांगून ठेवली. तिला यंत्र लागत नाही, रक्त तपासावे लागत नाही, शिक्षणही लागत नाही. आरसा आणि उजेड असला की पुरे. मात्र याचा अर्थ उलटा घेऊ नये. नाकावर फोड नसला म्हणजे डोळा सुखरूप, असे नाही. कपाळावर किंवा पापणीवर फोड आणि डोळ्यात कळ, लाली, उजेड सहन न होणे किंवा अंधूक दिसणे यांपैकी काहीही असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे.

डोळ्यात नेमके काय होते? बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा सुजतो, त्यावर जखम होते आणि ती भरली की पांढरा डाग, म्हणजे फूल, उरते. डोळ्याच्या आत दाह होतो, आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे बुबुळाची संवेदनाच नाहीशी होते. कचरा गेला तरी कळत नाही, जखम झाली तरी दुखत नाही. दुखणे थांबले म्हणून घरचे लोक हुश्श करतात, आणि आत डोळा बिघडत जातो.

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरुवात होऊन राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती, ती वाचकांना आठवत असेल. तेव्हापासून लाल डोळा दिसला की 'डोळे आले' असे म्हणून मेडिकलमधून थेंब आणण्याची सवय अधिकच वाढली आहे. फरक लक्षात ठेवावा. डोळे येतात तेव्हा बहुधा आज एक आणि उद्या दुसरा असे दोन्ही डोळे लाल होतात, खाज सुटते, सकाळी पापण्या चिकटतात. नागीण एकाच बाजूला असते, त्या बाजूचे कपाळ आणि टाळू ठणकते आणि केसांतून कंगवासुद्धा फिरवू देत नाही. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या थेंबांत स्टेरॉईड असले, तर चुकीच्या वेळी ते डोळ्याचे फार नुकसान करू शकते. डोळ्यांचे डॉक्टर नागिणीत पुढे कधी कधी स्टेरॉईडचेच थेंब देतात, हे खरे आहे. पण ते यंत्राखाली बुबुळ पाहून आणि दाब मोजून देतात. औषध तेच, पण हात वेगळा.

माझी चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी माझी चूक सांगतो. दवाखाना टाकून मला दोनच वर्षे झाली होती. एका संध्याकाळी साठीचे एक शेतकरी आले. उजवे अर्धे डोके आणि डोळ्यामागे ठणका. मी डोळा पाहिला, स्वच्छ होता. ब्लडप्रेशर पाहिले, ठीक होते. अर्धशिशी असावी असे म्हणून मी गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी त्यांच्या कपाळावर फोड उठले. ते माझ्याकडे आले नाहीत. माझ्याकडे येऊन 'डोकेदुखी' झाली होती. फोड ही वेगळी गोष्ट होती, तिचा इलाज गावातच होता. तीन आठवड्यांनी आले ते डोळ्यात फूल घेऊन. त्या डोळ्याने त्यांना पुढे फक्त उजेड-अंधार कळत असे.

ते मला म्हणाले, "डाक्टर, तुमची काय चूक? तवा पुरळच नव्हतं."

पुरळ नव्हते हे खरे. त्या दिवशी निदान करणे कोणालाही अवघड होते. पण माझी चूक निदानाची नव्हती, ती एका वाक्याची होती. "काका, या बाजूला पुरळ उठले तर त्याच दिवशी परत या" एवढे मी म्हणालो नाही. त्या दिवसापासून एका बाजूचे डोके, कपाळ किंवा डोळा दुखतो म्हणून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी हे वाक्य सांगतो. चिठ्ठीवरही लिहून देतो. माझ्या व्यवसायबंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की, त्यांनीही हे वाक्य सांगावे. त्याला पैसे पडत नाहीत. आणि फोड घेऊन आलेल्या माणसाला फक्त बी-१२ चे इंजेक्शन आणि मलम देऊन परत पाठवू नये.

तीन दिवसांची मुदत

या रोगावर औषध आहे. असायक्लोव्हिर. ते शोधणाऱ्या चमूचे नेतृत्व करणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मोठ्या माणसाला आठशे मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, साधारण सात दिवस द्यावी लागते. म्हणजे पस्तीस गोळ्या. आता व्हॅलासायक्लोव्हिर ही तिचीच सुधारित भावंड गोळी दिवसातून तीनदाच घ्यावी लागते. पुरळ उठल्यापासून पहिल्या बहात्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांत, औषध सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. डोळ्याला बाधा होण्याचे प्रमाण निम्म्यावरून वीस-तीस टक्क्यांपर्यंत खाली येते. तीन दिवस उलटले म्हणून दार बंद झाले असे मात्र समजू नये. डोळ्याच्या नागिणीत उशिरा आलेल्यालाही आम्ही बहुधा औषध देतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण मात्रा कमी करावी लागते, आणि औषध चालू असताना पाणी भरपूर प्यावे.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा या पस्तीस गोळ्यांची किंमत ऐकून रोजंदारीवरचा माणूस उठून जायचा. उतरवणाऱ्याचा नारळ त्याला परवडत असे. त्याला अंधश्रद्धाळू म्हणणे सोपे होते, पण त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. आज हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जेनेरिक स्वरूपात कितीतरी स्वस्त मिळते. म्हणजे आता अडचण किमतीची कमी आणि वेळेची जास्त आहे. तीन दिवसांतला पहिला दिवस 'बघू उद्या' म्हणण्यात जातो, दुसरा उतरवण्यात जातो आणि तिसरा अमावास्या की बाजार यात जातो. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला नगर इथून पाऊणशे किलोमीटर.

फोड गेले, कळ राहिली

या रोगाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. खपल्या पडतात, कातडी भरते, डोळा उघडतो, पण कळ जात नाही. विषाणूने मज्जातंतूची जी नासधूस केलेली असते, तिच्यामुळे हा तंतू विनाकारण वेदनेचे निरोप पाठवत राहतो. विस्तव विझला तरी भोंगा वाजतच राहावा, तसे. तीन महिन्यांनंतरही ही कळ टिकली तर तिला नागिणीनंतरची मज्जातंतूची वेदना म्हणतात. वय जितके जास्त तितकी ती राहण्याची शक्यता जास्त, आणि डोळ्याच्या नागिणीत तर ती विशेष छळते. डोळ्यामागे सुई टोचल्यासारखे होते, कपाळावर निखारा ठेवल्यासारखे वाटते, विजेचा झटका बसल्यासारखी कळ निघून जाते. वाऱ्याची झुळूक, उशीचा अभ्रा, टोपीची कड, एवढ्यानेही ती उठते.

आता आपल्या घरातली म्हातारी डोळ्यांपुढे आणा. कपाळावर जखम नाही, डोळा लाल नाही, ताप नाही. पण ती पदर डोक्यावर घेत नाही, पाहुण्यांसमोरही तो मागे टाकते. रात्री उठून बसते. पंख्याखाली झोपत नाही. नातू गळ्यात पडला तर त्याला ढकलते. घरचे म्हणतात, "हिला काही झालेलं नाही, सोंग करते." मुलगा म्हणतो, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत." काही डॉक्टरही "मनाचं आहे" म्हणून मोकळे होतात. आयुष्यभर भर उन्हात खुरपणी केलेल्या, चार बाळंतपणे घरात निभावलेल्या बाईला आपण वयाच्या सत्तराव्या वर्षी ढोंगी ठरवतो. नागिणीपेक्षा हा डंख मोठा आहे.

ही वेदना खरी असते. तिच्यावर नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, उलट दिवसेंदिवस घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडते. अॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन अशा, मज्जातंतूंवर काम करणाऱ्या गोळ्या लहान मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवाव्या लागतात. त्यांनी सुरुवातीला झोप येते, तोल जातो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्री एकटे उठू देऊ नये. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बऱ्याचदा कळ पूर्ण जात नाही, सोसण्याइतकी होते. हे आधीच सांगितले तर रुग्ण धीर धरतो. न सांगितल्यास आठ दिवसांत डॉक्टर बदलतो. आणि यातली काही औषधे नैराश्यावर किंवा फिट्सवरही वापरली जातात. तेव्हा खोक्यातला कागद वाचून "आईला वेड्याच्या गोळ्या दिल्या" असा गैरसमज करून घेऊ नये.

करायचे काय?

आमच्या जामखेडला आरोग्याच्या बाबतीत कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य इथे आले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायकांनी बाळंतपणे, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग अशा गोष्टी हाताळून दाखवल्या. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यातून मी एकच धडा घेतला. ज्ञान सोपे करून योग्य माणसाच्या हातात दिले, तर डॉक्टर पाऊणशे किलोमीटर दूर असला तरी काम अडत नाही. नाकाच्या शेंड्याची खूण हे असेच सोपे ज्ञान आहे. प्रत्येक आशाताईला, अंगणवाडीताईला आणि शाळामास्तरांना ते दहा मिनिटांत शिकवता येईल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायक्लोव्हिर कायम शिल्लक असले पाहिजे. सर्पदंशाची लस असते का, म्हणून आपण विचारतो. या नागिणीचे औषध असते का, हेही ग्रामसभेत विचारावे.

आणि उतरवणाऱ्यांचे काय? माझे काही मित्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आहेत. या मुद्द्यावर ते माझ्यावर रागावतात. मला त्या चळवळीविषयी आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही एमबीबीएस डॉक्टर होते. २०१३ साली त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखणे त्या कायद्याने गुन्हा आहे. पण आमची नागीण नावाचीच साप आहे. तिच्यासाठी कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि गावोगावच्या म्हाताऱ्या उतरवणाऱ्यांवर खटले भरून एकाही आजीचा डोळा वाचणार नाही.

मी वेगळी वाट धरली. जवळच्या एका गावात पिढीजात नागीण उतरवणारे एक गृहस्थ आहेत. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेलो, चहा घेतला आणि नाकाच्या शेंड्याची खूण त्यांना समजावली. म्हणालो, "बाबा, तुम्ही तुमचे करा. पण चेहऱ्यावरची नागीण आली तर लेप डोळ्याजवळ लावू नका आणि त्याच दिवशी माणूस माझ्याकडे धाडा. मंत्र तुमचा, गोळी माझी." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोळा गेलेला मीबी बघितलाय." पुढच्या पंधरवड्यात त्यांनी पहिला रुग्ण पाठवला. फोड उठून एकच दिवस झाला होता. त्या माणसाचा डोळा आज शाबूत आहे. मित्र म्हणतात, तू अंधश्रद्धेशी तडजोड केलीस. केली असेन. पण ज्या माणसाकडे लोक पहिल्या दिवशी जातात, त्याला शत्रू करून मला बहात्तर तास कसे मिळणार? श्रद्धेशी वाद घालायला उभे आयुष्य पडले आहे. डोळ्याला तीनच दिवस असतात.

वाचकांसाठी

थोडक्यात सांगतो. कपाळ, पापणी किंवा नाकावर एकाच बाजूला फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गेरू, राख, दूर्वा-तांदळाचा लेप डोळ्याच्या आसपास लावू नये. डोळ्यात कुठल्याही पाल्याचा रस, मध, दूध घालू नये. फोड फोडू नयेत, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे ठेवावेत. घरच्या घरी रोज एक तपासणी करावी. चांगला डोळा हाताने झाकून आजारी डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगावे. कालच्यापेक्षा आज अंधूक दिसले तर थांबू नये. फोड बरे झाल्यावरही डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखा चुकवू नयेत, कारण डोळ्याचा त्रास काही आठवड्यांनी, महिन्यांनीही उपटतो.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडातल्या पाण्यातून, ज्यांना आधी कधी कांजिण्या आलेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना लांब ठेवावे. रुग्णाला वाळीत टाकण्याची मात्र गरज नाही. त्याचे ताट वेगळे नको, टॉवेल वेगळा असला की पुरे. तरुण माणसाला नागीण झाली तर रक्तातील साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत व गुप्त होते.

नागिणीवर प्रतिबंधक लस आहे. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात. मोठ्या चाचण्यांत तिने नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. २०२३ पासून ती आपल्या देशातही मिळते. पण ती महाग आहे, सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. ज्यांना परवडते त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन जरूर घ्यावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तूर्त आरसा, उजेड आणि तीन दिवस हीच लस आहे.

त्या आजींचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याच दिवशी गोळ्या सुरू करून त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. बुबुळावर जखम होती, पण मध्यभागी नव्हती. डोळा राहिला, नजर थोडी कमी झाली. कळ अजून आहे. परवा तपासणीला आल्या तेव्हा पदर तसाच हाताने दूर धरलेला होता. सून म्हणाली, "आता आमी घरात त्यांना पदर घे म्हणत न्हाई." मी सुनेला म्हणालो, "बाई, माझ्या गोळ्यांपेक्षा तुझं हे औषध मोठं आहे."